उत्तर लिही, पण आज नको

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. वर्गातल्या मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत म्हटलंय की कुरआन पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी जुळवलं गेलं, आणि तुला त्याला आत्ताच्या आत्ता खरमरीत उत्तर द्यायचंय. उत्तर लिही, पण आज नको.

आधी बोलणारा कोण आहे ते बघ. काहीजण फक्त डिवचायला बोलतात. कुरआन कधीचं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं, तू चिडलास की त्यांचं काम झालं. त्यांना सलाम करून बाजूला हो. अभ्यासकांचं तसं नाही. ते आपला ईमान मानत नाहीत, पुरावा मागतात. पुरावा मागितला म्हणून कुणी आपला दुश्मन होत नाही. खबर आली की आधी शहानिशा करा, हे कुरआनातल्या सूरह हुजुरात या अध्यायात आपल्यालाच सांगितलंय.

व्हिडिओतला मुद्दा मुळात जॉन वॉन्सब्रो या लंडनच्या प्राध्यापकाचा, १९७७ सालचा. त्याच वर्षी पॅट्रिशिया क्रोन आणि मायकल कुक यांनी मुसलमानांनी लिहिलेला इतिहास बाजूला ठेवला आणि बाहेरच्यांच्या जुन्या नोंदींवरून इस्लामची सुरुवात मांडून पाहिली. मोठी खळबळ झाली. पुढे काय झालं ते मात्र व्हिडिओवाला सांगत नाही. ही मांडणी इतर अभ्यासकांनी तपासली, त्यांत बिगरमुस्लिमही पुष्कळ होते. बर्मिंगहॅम विद्यापीठात कुरआनची दोन जुनी चर्मपत्रं आहेत. त्यांच्या कार्बन चाचणीचा निकाल २०१५ साली जाहीर झाला: चामडं ५६८ ते ६४५ या काळातलं. पैगंबरांचं निधन ६३२ सालचं. दोनशे वर्षांची ती गोष्ट आता फार थोडे अभ्यासक धरून बसलेत. खुद्द क्रोनबाईंनी २००६ साली लिहिलं की पैगंबर होऊन गेले यात शंका नाही, आणि कुरआनातली वचनं त्यांच्याच तोंडची आहेत असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

इथेच सांभाळ. हे वाचून तू लगेच 'सायन्सने सिद्ध केलं' असं ग्रुपवर टाकशील, आणि ते मला त्या व्हिडिओइतकंच खटकेल. कार्बन चाचणी चामड्याचं वय सांगते, शाईचं नाही. येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीत १९७२ साली जुन्या पानांचा साठा सापडला. त्यातल्या एका प्रतीत आधीचा मजकूर पुसून त्यावर पुन्हा कुरआनच लिहिलंय. पुसलेल्या मजकुरात काही शब्द वेगळे आहेत, सूरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रम वेगळा आहे. हे कुणी विचारलं तर गडबडू नकोस, आणि लपवू तर मुळीच नकोस. अब्दुल्लाह इब्न मसऊद आणि उबय इब्न काब या सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांच्या, प्रतींमधले असे फरक आपल्याच जुन्या उलमांनी, धर्मपंडितांनी, नोंदवून ठेवलेत. हजार वर्षांपूर्वी त्यांना ज्याची भीती वाटली नाही, त्याची तुला का वाटावी?

हदीसचंही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचंही, तेच. गोल्डत्सिहर, शाख्त या युरोपी अभ्यासकांनी म्हटलं की बऱ्याच हदीस नंतरच्या भांडणांतून घडल्या. पण बनावट हदीस फिरतात हे ओळखून एकेका रावीची, म्हणजे हदीस पुढे सांगणाऱ्याची, चौकशी करणारं शास्त्र मुसलमानांनीच उभं केलं: हा किती खरा, याची स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला हा भेटला तरी होता का. या शास्त्राला कुठवर मानायचं यावर खरा वाद आहे, आणि तो वाद शिकण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुस्तफा आझमी देवबंद आणि कैरोच्या अल-अजहरला शिकून केंब्रिजला गेले, डॉक्टरेट केली आणि शाख्तचेच दाखले एकेक करून तपासले. त्यांचं सगळं म्हणणं सर्वांना पटलं असं नाही. पण त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

अलीगढच्या कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांनी हे त्यांच्याही आधी केलं. विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेलं पैगंबरांचं चरित्र वाचून ते कमालीचे व्यथित झाले. १८६९ साली ते विलायतेला गेले, तिथल्या ग्रंथालयांत बसले, पैशांची ओढाताण सोसली आणि १८७० साली उत्तर छापलं. त्यात त्यांनी म्यूरचे आधार तपासले: वाकिदीसारख्या जुन्या इतिहासकाराच्या कथनावर किती विसंबायचं? मला त्यांची ही व्यथा फार जवळची वाटते. तुला झोप लागली नाही, म्हणजे ती तुझ्यातही आहे.

२०२३ च्या जूनमध्ये आपल्या कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते तू पाहिलंस. दगड पडले, दुकानं फुटली. म्हणून सांगतो, या विषयावर स्टेटस ठेवायचं नाही आणि ग्रुपवर भांडायचं नाही. तो मुलगा तुझ्याच बाकावर बसतो ना? त्याला घरी जेवायला बोलाव, आणि माहीत नाही तिथे 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हण.

शाहू महाराजांनी १९०६ साली पुढाकार घेऊन मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, ते आपल्या पोरांनी शिकावं म्हणून. त्या पुण्याईवर आपण वाढलो. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जा, तिथे नसेल ते पुस्तक मला सांग, मी मिळवून देतो. सोबत अरबी सुरू कर. अनुवादावर किती दिवस काढणार? रविवारी असरच्या नमाजनंतर घरी ये, वही घेऊन ये. जुना मुस्लिम इतिहासकार तबरी, त्याच्या इतिहासाची प्रस्तावना वाचू. इतिहास लिहिताना तो सुरुवातीलाच सांगतो की यातली एखादी खबर वाचणाऱ्याला खटकेल, पण ती माझ्याकडे जशी आली तशी मी पुढे दिली आहे. तेवढं एक पान आपण सावकाश वाचू.

तुझा,
चाचा