केकमध्ये अंड्याऐवजी घालायला ॲपलसॉस घरी कसा करायचा? कुकरमध्ये लावला तर चालेल का?

ॲपलसॉस म्हणजे सफरचंदाचा शिजवून काढलेला गर, तो कुकरमध्ये थेट लावू नका, हे आधी सांगते. मी एकदा लावला होता, सफरचंदाच्या फोडी, थोडं पाणी, झाकण लावलं आणि दुसऱ्या कामाला लागले, तर शिट्टीच होईना. सफरचंद शिजताना फेसाळून वर चढतं आणि वाफेचं भोक बुजवतं, तसंच झालं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि उकळता गर पार छतापर्यंत. सासूबाई नुकत्याच ओट्यापासून बाजूला झाल्या होत्या, अजून आठवलं की धस्स होतं. पातेल्यात वीस मिनिटांचं काम आहे हो, त्याला कुकर कशाला.

आम्ही जळगावचे, इथे केळी दारात आणि सफरचंद लांबून येणार, ऑगस्टच्या सुमारास हिमाचलचं आणि मागून काश्मीरचं, तेव्हा भाव उतरले की मी 2 किलो एकदम आणते. लाल डिलिशिअस गोड असतं, त्यात दोन-तीन गोल्डन मिळाली तर बघा, ती छान विरघळतात. आणि कापल्यावर पिठूळ निघालेली, जी घरात कोणी खात नाही, ती तर यासाठीच ठेवा, लवकर शिजतात.

1 किलोला अर्धा कप पाणी, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, अर्ध्या लिंबाचा रस म्हणजे काळं पडत नाही, दालचिनीचा बोटभर तुकडा. बिया आणि मधला कडक भाग काढायचा, साल ठेवायची, पण मेण लावलेली चकचकीत सफरचंदं असतील तर मात्र सोलूनच घ्या. झाकण ठेवून मंद आचेवर, फोड चमच्याने दाबली की मोडली पाहिजे.

आता मिक्सर काढू नका, पुरणयंत्र काढा! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांच्या पुरणासाठी आपण काढतो तेच. मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत लगदा होतो, यंत्रातून मात्र गर रवाळ, गुलाबीसर उतरतो आणि सालं वर जाळीवर राहतात, सोलत बसायची गरजच नाही. सासूबाईंचे दात काढले तेव्हा रोज वाटीभर द्यायचे, संपली की वाटी पुढे करून म्हणायच्या, "आखो दे व". साखर मी घालत नाही, चव बघून वाटलं तर शेवटी चमचाभर घाला.

तुम्हाला केकसाठी हवाय ना, मग यंत्रातून काढल्यावर परत पाच-सात मिनिटं आटवा, पातेल्याच्या तळाशी चमचा ओढला की रेघ क्षणभर तशीच राहिली पाहिजे, नाहीतर केक ओलसर राहतो. 1 अंड्याला पाव कप, आणि पूर्ण गार करूनच घाला. उरलेला काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये, पाच-सहा दिवसांत संपवा, जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.