शिंक कोपरात की रुमालात?

लोकलच्या गर्दीत शिंक आली तर तोंडावर तळवा धरणं पुरेसं आहे का, की मुलीला शाळेत शिकवतात तसं कोपरात शिंकायचं, आणि शेजारी उघड्या तोंडाने खोकणाऱ्याला सांगायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मुलीचं बरोबर आहे. तळव्यामुळे समोरच्याच्या अंगावर तुषार उडत नाहीत हे खरं, पण पुढच्या क्षणी तोच तळवा डब्यातलं हँडल धरतो. फ्लूचा विषाणू स्टील, प्लास्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो. कोपराच्या खळग्याने आपण काही धरत नाही, एवढाच त्याचा फायदा.

टिश्यू असेल तर उत्तमच. वापरून लगेच कचऱ्यात टाका आणि जमेल तेव्हा साबणाने हात धुवा. आपल्या रुमालावर मात्र माझा विश्वास नाही. घाम त्यानेच पुसायचा, चष्माही त्यानेच, आणि एसटीच्या खिडकीतून आत टाकून जागासुद्धा त्यानेच धरायची! शिंकेसाठी वेगळा रुमाल ठेवा आणि तो रोज धुवा. पदराचं तेच. आजी पदरात शिंकते आणि त्याच पदराने नातवाचं तोंड पुसते.

घरात तान्हं मूल असेल तर कोपराची पंचाईत होते, कारण बाळाचं डोकं नेमकं त्याच खळग्यात असतं. सर्दी असताना बाळाला घ्यावंच लागलं तर सरळ मास्क लावा.

गर्दीची लाज वाटून नाक चिमटीत धरून शिंक दाबू नका. असं केल्याने ब्रिटनमध्ये एका तरुणाचा घसा आतून फाटला होता, २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आली. आयुर्वेदातही न अडवायच्या १३ वेगांत, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मींत, शिंक आहेच.

कोपराने सगळं अडतं असंही नाही. बारीक कण बाजूने निसटून हवेत तरंगत राहतात, म्हणून खोकला चालू असेपर्यंत प्रवासात मास्क बरा. २००९च्या स्वाइन फ्लूत पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडाला मास्क किंवा ओढणी होती. साथ ओसरली आणि सवयही गेली.

आता शेजारी. ‘तोंडावर हात ठेवा’ म्हटलंत की भांडण ठरलेलं, त्यात हातच नको आहे आपल्याला! ‘काका, टिश्यू देऊ का?’ म्हणून पुढे करा. बहुतेक जण ओशाळून घेतात. नाही घेतला तर तुम्ही तोंड वळवा, जमलं तर जागा बदला. ‘टीबी आहे का?’ असं चारचौघांत कुणाला विचारू नका.

ओळखीचं माणूस असेल आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, तर त्यांना बाजूला घेऊन सरकारी दवाखान्यात जायला सांगा. बेडक्याची तपासणी तिथे मोफत होते. टीबी निघालाच तर ताटवाटी वेगळी काढायची गरज नाही, तो हवेतून पसरतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि गोळ्या मध्येच सुटत नाहीत ना, हे बघा.