मानकुरादचं कलम सुकतंय, युरिया घालू का?

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. परसात मानकुराद आंब्याचं कलम लावलेलं त्याला दोन वर्षं झाली, पहिल्या वर्षी मस्त पालवी आली पण यंदा चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) पानं मलूल पडलीत, कडा करपल्यात आणि एक फांदी शेंड्यापासून खाली वाळत चाललीय. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज बादलीभर घालतो, बुंध्याला चिरे (जांभा दगड) रचून शेणखत आणि माती भरलीय. युरिया घालू का? आई म्हणते उपटून टाक.

उत्तर : आईला म्हणावं जरा थांब. युरिया मात्र अजिबात नको, आजारी झाडाला खत घातलं की उरलीसुरली मुळंही जातात. आधी वाळक्या फांदीची साल नखाने खरवडत खाली खाली या, आत तपकिरी लागलं तर मेलेलं, हिरवं ओलसर लागलं की तिथून जिवंत.

मग ते चिरे काढा, माझा खरा संशय तिथेच आहे. आपल्याकडे चिऱ्याच्या जमिनीत पहारीने खड्डा मारतात, भोवती दगड तसाच, म्हणजे तो खड्डा नाही, पाण्याची टाकीच झाली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात तुमची रोजची बादली, पाणी जाणार कुठे? मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि गंमत म्हणजे झाड वरून तहानलेलंच दिसतं, मग माणूस अजून पाणी ओततो. वीतभर माती उकरून वास घ्या, आंबूस कुजका वास आला आणि बारीक मुळं काळी पडून बोटाने साल सुटत असेल तर हेच कारण. पाणी बंद करा, उताराच्या बाजूने चर काढून खड्ड्यातलं पाणी बाहेर जाऊ द्या, बुंध्यावर चढवलेली सगळी माती काढा. कलमाचा सांधा उघडा दिसायलाच हवा.

सांध्याला नर्सरीची प्लास्टिकची पट्टी अजून आहे का तेही बघा, ती खोडात रुतून गळफास लागतो, असेल तर ब्लेडने हळूच कापा. सांध्याच्या खालून फुटवे आले असतील तर खुडून टाका, ते मानकुरादचे नव्हेत, खालच्या रायवळाचे, म्हणजे ज्या साध्या गावठी आंब्यावर कलम बांधलंय त्याचे. (2023 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून ज्याला त्याला मानकुराद हवाय, आणि कित्येकांच्या दारात वाढतोय हा रायवळ!)

वाळकी फांदी हिरव्या भागात चार बोटं आत येऊन कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, मग दोन्ही एकत्र, भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नको. स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर त्यात बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना अजून हवा, नाहीतर साल भाजते. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर ती कीड, तेव्हा फांदीचा तुकडा घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा.

नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही. नंतर मूठ-दोन मूठ शेणखत, पाला जाळण्यापेक्षा आळ्यात पसरा पण बुंध्याला चिकटवू नका, आणि एप्रिल-मेच्या उन्हात माडाचं चुडत (झावळी) आडोसा म्हणून उभं करा. सांध्याच्या वर कुठेच हिरवं लागलं नाही तर मात्र आई म्हणते तेच बरोबर, पण जूनमध्ये नवं कलम लावताना खड्डा तोच वापरू नका.

प्रश्न : जास्वंदीच्या कळ्यांना पांढरा कापूस लागलाय, कळ्या गळतात. मडगाव.

उत्तर : पिठ्या ढेकूण. पाइपच्या जोरदार धारेने धुवा, जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका, मग लिटरला 5 मिली नीम तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा, त्या या किडीला सांभाळतात.