आयर्लंडमधल्या ब्लार्नी गावाला एक दिवस द्यावा का, की तिथे तो एक दगडच आहे?

द्याच. 'एक दगडच' हे मी आमच्या घरातही ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कॉर्कमध्ये राहते, ब्लार्नी इथून जेमतेम ८ किलोमीटर. मोठे दीर आले तेव्हा मी त्यांना हौसेनं तिथला किल्ला दाखवायला घेऊन गेले. भाऊजींनी सह्याद्रीतले निम्मे गड पालथे घातलेत. खालूनच म्हणाले, "हा किल्ला? ही तर गढी!" अहो, गढीच आहे ती. मॅकार्थी सरदारांनी १४४६ च्या सुमारास राहायला बांधलेली. तिला रायगडाच्या मापानं मोजायचंच कशाला? आत बघा ना. दारातून घुसणाऱ्याच्या डोक्यावर मारा करायला छताला भोक, एका वेळी एकच माणूस चढेल असा गोल जिना. आणि तो दगड, म्हणजे ब्लार्नी स्टोन, आहे अगदी माथ्यावर, कठड्याखालच्या फटीत. त्याचं चुंबन घेतलं की माणूस बोलण्यात पटाईत होतो, असं मानतात. भिंतीला भिडलेल्या शत्रूवर वरून धोंडे टाकता यावेत म्हणून ठेवलेली ही फट. उताणं झोपून, लोखंडी गज धरून डोकं त्या फटीत मागे सोडलं की ओठ दगडाला टेकतात.

भाऊजी म्हणाले, "अंधश्रद्धा!" तिथेच आमचं वाजलं.

गोष्ट अशी सांगतात. कॉर्मॅक मॅकार्थी एका खटल्यात अडकला, त्यानं क्लीना देवीचा धावा केला. ती म्हणाली, सकाळी कोर्टाच्या वाटेवर जो पहिला दगड दिसेल त्याचं चुंबन घे. त्यानं घेतलं, असा काही बोलला की खटला जिंकला, आणि तो दगड आणून गढीत बसवला. २०१४ साली ग्लासगोच्या भूवैज्ञानिकांनी तपासलं तर तो तिथलाच चुनखडक निघाला, ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. बरं मग? रायगडावर हिरकणीची गोष्ट ऐकताना याच भाऊजींचे डोळे भरून येतात. तिथे ते पुरावा मागत नाहीत, आणि मागूही नये. मग इथल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गोष्ट तेवढी खुळचट कशी? हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

दगडाशिवाय म्हणाल तर किल्ल्याच्या आवारातली रॉक क्लोज ही बाग चुकवू नका. जुनी झाडं, प्रचंड खडक, आणि मनात एकच इच्छा धरून डोळे मिटून उलट उतरायच्या-चढायच्या पायऱ्या. गढीला लागून विषारी वनस्पतींची बाग आहे. गावातल्या जुन्या लोकर गिरणीत आता मोठं दुकान आहे, स्वेटर तिथे बघा.

उन्हाळ्यात वर जायला भली मोठी रांग लागते, सकाळी उघडतानाच पोहोचा. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर जिना नकोच, खालच्या बागा पुरेशा आहेत. ओठ टेकवायचे नसतील तर नका टेकवू, कोणी बळजबरी करत नाही. पण टेकवणाऱ्यांकडे बघून मोठ्यानं हसू नका. भाऊजी हसले होते, आणि पुढे उभ्या असलेल्या आजीबाईंनी वळून पाहिलं होतं.