इंग्रजी लिहिताना तेच तेच शब्द येतात, काय करावं?

'गुड', 'नाइस', 'व्हेरी' यांच्या पलीकडे गाडी जात नाही, ही तक्रार ना? समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू नका. मी केल्या होत्या. मग वजन उतरवलेल्या सहकाऱ्याला कौतुकाने 'स्किनी' म्हणालो. म्हणायचं होतं सडपातळ, म्हणून बसलो किडकिडीत! तिथे 'स्लिम' हवं होतं.

पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ साली आला. त्यात शब्द अर्थाच्या गटांनी लावलेले असतात, पण छटा कळत नाही. तिथे सापडलेला शब्द डिक्शनरीत वाक्यासकट बघा.

विरुद्धार्थी शब्द तर ज्या शब्दाला लागतात त्याच्या जोडीनेच शिकावेत. पाऊस 'हेवी', चहा मात्र 'स्ट्राँग'. उलट करा: पाऊस 'लाइट', चहा 'वीक'. तोच 'लाइट' रंगाला लावला की उलट शब्द 'डार्क'.

'व्हेरी टायर्ड'ऐवजी 'एक्झॉस्टेड', 'व्हेरी हंग्री'ऐवजी 'स्टार्व्हिंग', इथून सुरुवात करा. (दुसरा शब्द बोलण्यातला, ऑफिसच्या मेलमध्ये नको.)

आणि प्रत्येक पुनरुक्ती टाळायची नसते. रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत 'कस्टमर' आणि पुढच्या ओळीत 'क्लायंट' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटतं माणसं दोन आहेत.