संगणकशास्त्राच्या वर्गाला पहिल्यांदाच डिस्क्रीट मॅथ्स शिकवायचंय. मुलांना रस नसतो म्हणतात. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की हा विषय (सुट्या, वेगवेगळ्या मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित) तुमच्याकडे अचानक आला, हातात एकच सत्र आहे, आणि ‘याचा कोडिंगला काय उपयोग?’ या प्रश्नावर उतारा म्हणून दर आठवड्याला एक उपयोग दाखवायचा विचार आहे. दाखवा, वाईट नाही. पण दुखणं तिथे नाही, असं माझं मत.

माझ्या पहिल्या वर्षी मी अभ्यासक्रम अगदी शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण केला होता. संच, संबंध, फलनं, तर्क, इंडक्शन, मोजणी, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), शेवटी लॅटिससुद्धा (क्रम लावलेल्या संचांचा एक प्रकार). परीक्षेत एक सोपा प्रश्न ठेवला: दोन विषम संख्यांचा गुणाकार विषम असतो हे सिद्ध करा. ढीगभर उत्तरपत्रिकांत एकच उत्तर होतं: ३ × ५ = १५, ७ × ९ = ६३, म्हणून सिद्ध. आधी राग आला, मग लक्षात आलं की मुलांचं काही चुकलं नव्हतं. कोड लिहून दोन-चार इनपुट देऊन बघायचं, चाललं तर पुढे जायचं, हेच त्यांना शिकवलेलं. सिद्धता म्हणजे नक्की काय, हे मी सबंध सत्रात सांगितलंच नव्हतं. फळ्यावर करून दाखवली होती, पण बघून पोहायला येत नाही.

म्हणून आता पहिले दोन तास त्या ‘चाललं’वरच घालवते. n² + n + ४१ ही राशी देते आणि n च्या जागी ० पासून आकडे घालायला सांगते. मूळ संख्या येत राहतात. कुणीतरी लगेच प्रोग्रॅम लिहितं. ३९ पर्यंत सगळं सुरळीत, आणि ४० ला १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. दुसरं उदाहरण कागदावरचं: वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा आणि आतले तुकडे मोजा (तीन रेषा एकाच जागी छेदू द्यायच्या नाहीत). १, २, ४, ८, १६ असं येतं. सहा बिंदूंना ३२ असणार म्हणून कुणी मोजतच नाही. मी मोजायला लावते. ३१ येतात. दोन-तीनदा मोजून पाहतात, माझ्यावर संशय घेतात. ‘मग खात्री कशी करायची?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच आला पाहिजे. तो येईपर्यंत सिद्धता हा शब्द मी उच्चारत नाही.

त्यानंतर तर्क. इथे ट्रुथ टेबलांचा (विधानं खरी की खोटी हे मांडणाऱ्या तक्त्यांचा) रतीब घालू नका. एक तास पुरतो. खरी अडचण चिन्हांत नसून वाक्यात असते. १९६६ मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं चार पत्त्यांचं कोडं मी मराठीत करून देते. टेबलावर चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे तपासायला कुठले पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. खरं उत्तर अ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. ‘जर–तर’ उलटं वाचायची खोड इथे जी पकडली जाते, ती तासभर व्याख्यान देऊन पकडता येत नाही.

आपल्या भाषेतले खड्डेही मुद्दाम दाखवा. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ याचा अर्थ काय? एकही आला नाही, की काही जण राहिले? वर्गात दोन तट पडतात आणि दोन्ही बाजूंचं बरोबर असतं, कारण मराठीत दोन्ही अर्थ निघतात. मग दोन्ही चिन्हांत लिहायला सांगायचं. चिन्हांची गरज कशासाठी हे सांगावं लागत नाही. तसंच ‘की’ आणि ‘किंवा’. ‘उद्या येणार की परवा?’ यात एकच दिवस निवडायचा असतो, पण गणितातल्या ‘किंवा’ला दोन्ही चालतात.

सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा एक आहे’ यांच्या क्रमावर. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘अशी एक किल्ली आहे जी प्रत्येक कुलपाला लागते’, यांतला फरक ऐकताना सगळ्यांना कळतो आणि लिहिताना हरवतो. मला सापडलेला उपाय म्हणजे पायथन. बाहेर ‘ऑल’ (सगळे), आत ‘एनी’ (निदान एक). मग दोन्हींची अदलाबदल करून त्याच डेटावर चालवायचं. एकदा ‘ट्रू’, एकदा ‘फॉल्स’. नेस्टेड लूप त्यांच्या बोटांत बसलेला असतो, त्यामुळे क्रम बदलला की अर्थ बदलतो हे त्यांना पटवावं लागत नाही.

आता इंडक्शन, म्हणजे पहिली पायरी दाखवायची आणि कुठल्याही पायरीवरून पुढची गाठता येते हे सिद्ध करायचं, ही रीत. सत्राचा चौथा हिस्सा याला दिला तरी कमीच. १ + २ + … + n या बेरजेपासून सुरुवात करू नका. तिथे मुलं बीजगणित करतात आणि इंडक्शन म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करायचा खेळ, अशी समजूत करून घेतात. मी १९५४ साली सोलोमन गोलोम्ब यांनी दिलेल्या फरशीच्या कोड्यापासून सुरू करते: २ⁿ × २ⁿ चौकटींचा पट, त्यातली कुठलीही एक चौकट काढलेली, उरलेला पट तीन चौकटींच्या एल आकाराच्या फरशांनी भरायचा. पटाचे चार भाग करा. काढलेली चौकट एका भागात आहे. मध्यावर एक फरशी अशी ठेवा की उरलेल्या तीन भागांतली एकेक चौकट झाकली जाईल. झालं, चारही भागांत आता मूळचाच प्रश्न, फक्त लहान. कुणीतरी मागून म्हणतं, ‘अरे, हे रिकर्शन आहे!’ मग मी खडू ठेवून देते आणि त्याचा कोड लिहायला सांगते.

‘सगळे घोडे एकाच रंगाचे’ ही जुनी खोटी सिद्धता मात्र सोडू नका: एका घोड्याचा रंग एकच; n घोड्यांना हे खरं मानलं, तर n + १ घोड्यांतून एकदा पहिला, एकदा शेवटचा वगळून उरणारे दोन्ही गट एकरंगी, म्हणून सगळेच एकरंगी. चूक १ वरून २ वर जाताना आहे, कारण तिथे दोन गटांत सामाईक घोडाच नसतो. ती स्वतः शोधू द्या, मग घरी जाईपर्यंत वेळ लागला तरी चालेल. त्याला जोडून बायनरी सर्चची (क्रमाने लावलेल्या यादीचा दरवेळी निम्मा भाग टाकत शोधायच्या रीतीची) गोष्ट सांगते. २००६ मध्ये उघड झालं की जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये बग आहे: मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली जात होती, आणि खूप मोठ्या ॲरेमध्ये ती बेरीज २³¹ − १ च्या पुढे जाऊन ऋण होत होती. अल्गोरिदमची सिद्धता बरोबरच होती, पण ती पूर्णांकांबद्दल होती. मशीनचा ‘इंट’ म्हणजे पूर्णांक नव्हे. ‘उपयोग काय’ विचारणारे इथे गप्प होतात, हा आपला उपफायदा.

मोजणीसाठी शाळेतले लघु-गुरू कामाला येतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. N मात्रांच्या किती रचना होतात? चार मात्रांच्या पाच: लललल, ललगु, लगुल, गुलल, गुगु. शेवटचं अक्षर लघु की गुरू असा विचार केला की आधीच्या दोन उत्तरांची बेरीज येते: १, २, ३, ५, ८. फिबोनाचीने सशांचं उदाहरण १२०२ साली दिलं. छंदशास्त्राच्या वाटेने हेमचंद्र त्याआधीच, बाराव्या शतकात, इथवर पोचला होता. मला त्यातली आवडती गोष्ट म्हणजे शेवटच्या अक्षरावर केस पाडायची युक्ती. रिकरन्सचे (पुढचं उत्तर आधीच्या उत्तरांवरून काढायचे) निम्मे प्रश्न तिच्यावरच सुटतात.

ग्राफवर फार वेळ नको, अल्गोरिदमच्या विषयात तो येतोच. ऑयलरचं सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) आणि ग्राफचं थोडं रंगकाम पुरे. लॅटिस मी सरळ वगळते. तुमचा पेपर बाहेरून येत असेल तर नाइलाजाने एक तास द्या. मॉड्युलर अंकगणित (भागाकारातल्या बाकीचं गणित) ठेवा आणि शेवट १९७७ च्या आरएसए या संदेश गुप्त करायच्या पद्धतीवर करा, कारण तिथे युक्लिडची रीत, फर्माचं छोटं प्रमेय आणि फलनाचा व्यस्त हे सगळे एकत्र भेटतात.

आता वर्ग चालवण्याबद्दल. दर आठवड्याला दोनच प्रश्न द्या, पण उत्तर वाक्यांत लिहून मागा. तपासून परत द्या आणि एकदा सुधारून पुन्हा द्यायची मुभा ठेवा, गुण सुधारलेल्याला. वर्ग मोठा असेल तर सगळं तपासणं जमत नाही, मग वह्या आपसांत बदलून वाचायला लावा. दुसऱ्याच्या सिद्धतेतलं भोक पटकन दिसतं. घरचं काम चॅटबॉटकडून लिहून येणार हे गृहीतच धरा. पोलिसगिरीत वेळ न घालवता मी दर आठवड्याला पाच-सहा जणांना फळ्याशी बोलावते आणि त्यांच्याच उत्तरातली एखादी ओळ दाखवून विचारते, ‘हे इथे का चालतं?’ ज्याने समजून लिहिलंय तो सांगतो, मदत कुणाचीही घेतलेली असो.

परीक्षेत निदान एक प्रश्न ‘या सिद्धतेत चूक कुठे आहे?’ असा ठेवा. मात्र चुकीच्या सिद्धता घरी बसून रचू नका. आपण रचलेल्या चुका फार शहाण्या असतात. सत्रभरातल्या वह्यांतून उचला, नाव काढून टाका, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करा.