नाव पुरुषाचे, क्रियापद कोणाचे?

प्रश्न : पुरुषाच्या नावाने लिहिणाऱ्या एका कॅटलन कवयित्रीचा ओझरता उल्लेख मागील अंकात होता. आमच्या वाचक मंडळात त्यावरून वाद झाला. मराठीत 'मी आले' एवढे लिहिताच बिंग फुटते. मग तिला ते साधले कसे, आणि मुळात अशा नावाची गरज का पडली?
— एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : ती कातेरिना आल्बेर्ट (१८६९-१९६६), स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातील लेस्काला या समुद्रकाठच्या गावची. १८९८ साली ओलोत येथील साहित्यस्पर्धेत तिची एक कविता आणि एक नाट्यस्वगत यांना पारितोषिके मिळाली. त्या स्वगतात नेला नावाची खेड्यातील तरुणी आपल्या तान्ह्या लेकराला कसे मारले ते स्वतःच्या तोंडाने सांगते. परीक्षकांना ते पसंत पडले होते. परंतु लिहिणारी एक अविवाहित बाई आहे हे कळताच गहजब झाला. संहितेतील एक अक्षरही दरम्यान बदललेले नव्हते.

पुढे १९०१ साली तिचा बारा महिन्यांवरील कवितांचा संग्रह निघाला तो 'विक्तोर काताला' या नावाने, आणि हे नाव तिने आपल्याच एका अपुऱ्या कादंबरीच्या नायकाकडून उसने घेतले होते. काही वर्षांतच खरे नाव सर्वांना कळले, तरी तिने हे पुरुषी नाव टाकले नाही. 'सोलितुत' ही १९०५ ची गाजलेली कादंबरीही त्याच नावावर आहे. त्यामुळे ते नुसते पांघरूण होते असे मला वाटत नाही.

व्याकरणाचे म्हणाल, तर कॅटलनमध्ये 'आलो' आणि 'आले' यांना क्रियापद एकच; लिंग उघडे पडते ते मुख्यतः विशेषणांत. आपली अडचण रशियनला आहे, कारण तिथेही भूतकाळी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. १८६९ सालीच जन्मलेल्या रशियन कवयित्री झिनाइदा गिप्पिउसने तर उलटाच मार्ग धरला : कवितेखाली सही स्वतःची, बाईची, आणि आत बोलणारा 'मी' पुष्कळदा पुल्लिंगी. समीक्षेपुरती मात्र ती अंतोन क्रायनी या नावाचा पुरुष होई.

मराठीतही वाट अगदीच बंद नाही. 'मी चिठ्ठी लिहिली' यातील क्रियापद चिठ्ठीशी जुळते, 'मी जाईन' दोघांनाही चालते, 'मला वाटले' काहीच सांगत नाही. 'मी दार उघडले' इथपर्यंत सारे झाकलेले राहते. 'आणि बाहेर आले' म्हटले की संपले. (कोल्हापूरकडच्या कित्येक बायका सर्रास 'मी येतो' म्हणतात, त्यांना हा पेच पडणारच नाही.)

आपण तर जनाबाईच्या गावचे. तिने 'नामयाची दासी' म्हणत नामदेवांचे नाव मुद्रेत गुंफले, पण त्यामागे ती लपली नाही. उलट आपेगावचे ज्ञानेश्वर विरहिणीत आणि पैठणचे एकनाथ गवळणीत खुशाल बाईच्या तोंडून बोलतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी ओलोतसारखा जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

वाद पुन्हा रंगलाच तर मंडळाने हे उत्तरही तपासून पाहावे : ते लिहिणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे यातील एकाही क्रियापदावरून सांगता येणार नाही.